सागाच्या सावलीतलं पाइन

मराठी माणसाला लाकडाबद्दल विचारा, तो सागाबद्दल बोलायला लागतो. आजोबांचा पलंग सागाचा, वाड्याचे खांब सागाचे, देवघर सागाचं. वाडा पाडून इमारत उभी राहिली तरी जुन्या तुळया विकायच्या नाहीत, त्यांचं जेवणाचं टेबल करून घ्यायचं. शिसव मानाचं, फणस आणि शिवण कोकणातल्या लोकांच्या ओळखीचं, बाकी सगळं रायवळ. या उतरंडीत पाइनला जागाच नाही. वखारीत त्याची चौकशी केली की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘पॅकिंगला हवंय का?’ फर्निचरसाठी हवंय म्हटलं तर मिस्त्री तोंड वाकडं करतो. ते कच्चं लाकूड, असा त्याचा शेरा ठरलेला.

आणि तरीही ते आपल्या घरात, कारखान्यात, गोदामात सगळीकडे आहे. सोफ्याचं रेक्झिन उसवलं तर आत पाइनची चौकट निघते. फ्लश दाराच्या दोन प्लायच्या मधली भरताड बहुधा पाइनची असते. फोटोफ्रेमच्या पट्ट्या, केबलचे रस्त्याकडेला पडलेले अवजड ड्रम, परदेशी निघालेल्या यंत्राची पेटी, नाशिकच्या द्राक्षांच्या खोक्यांखालचं पॅलेट यांत मोठा वाटा पाइनचाच. ते नजरेला पडत नाही, कारण ते कायम कापडाखाली, प्लायखाली नाहीतर मालाखाली असतं.

मग ‘कच्चं’ हा शेरा कितपत खरा? उत्तर शोधायचं तर सागाची फूटपट्टी जरा बाजूला ठेवावी लागते आणि या लाकडाला त्याच्या स्वतःच्या गुणदोषांवर पारखावं लागतं. पाइनच्या शंभरावर जाती आहेत. आपल्या वखारींत गेली दोन-तीन दशकं ज्या पाइनने जम बसवला ते प्रामुख्याने न्यूझीलंडचं रेडिएटा पाइन. त्यामुळे ही गोष्ट मुख्यतः त्याची.

जन्मभूमीत उपेक्षित, परदेशात राजा

रेडिएटा पाइन मूळचं न्यूझीलंडचं नाही. त्याची जन्मभूमी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, तीही अगदी चिमूटभर. आन्यो नुएवो, मॉन्टेरी आणि कॅम्ब्रिया या तीन ठिकाणी, आणि मेक्सिकोच्या ग्वादालूप व सेद्रोस या दोन बेटांवर एवढंच ते नैसर्गिकरीत्या वाढतं. तिथे समुद्राच्या धुक्यात वाकडंतिकडं वाढणाऱ्या या झाडाला लाकूड म्हणून कुणी फारसं विचारत नाही.

न्यूझीलंडमध्ये ते १८५९च्या सुमारास पोचलं. थंडी बेताची, पाऊस वर्षभर, ज्वालामुखीची भुसभुशीत माती. तिथे या झाडाने अशी उसळी घेतली की गोऱ्या वसाहतवाल्यांचे डोळे विस्फारले. कौरी आणि रिमू ही तिथली देशी झाडं वाढायला शतकं घेतात आणि ती तर बेसुमार तोडून झाली होती. लाकडाचा दुष्काळ दिसू लागल्यावर सरकारने उत्तर बेटाच्या मध्यावरच्या उजाड माळावर लागवड सुरू केली. सुरुवातीला तुरुंगातल्या कैद्यांना खड्डे खणायला लावलं, पुढे १९३०च्या दशकातल्या महामंदीत बेकारांना. तेच आजचं कैंगारोआचं जंगल, सुमारे पावणेदोन लाख हेक्टरांवर पसरलेलं, जगातल्या मोठ्या लागवडींपैकी एक. २००८ साली ही जमीन मूळ माओरी जमातींना परत करण्याचा करार झाला. आता झाडं कंपनीची आणि भुई माओरींची, असा तिथला हिशेब आहे.

आज न्यूझीलंडमध्ये लावलेल्या जंगलांपैकी सुमारे ९० टक्के क्षेत्रावर ही एकच जात आहे. चिली, ऑस्ट्रेलिया आणि स्पेनचा बास्क प्रदेश यांनीही तिला आपलंसं केलं. कारण उघड आहे. चांगला साग काढायचा तर पन्नास-साठ वर्षं थांबावं लागतं, रेडिएटा २५ ते ३० वर्षांत कापणीला येतं. बापाने लावलेलं झाड बापालाच विकता येतं. या घाईमुळेच ते स्वस्त होतं आणि त्याचे बहुतेक दोषही या घाईतूनच येतात.

फळीच्या टोकाशी

पाइन ओळखायचं तर फळीचा चेहरा सोडून तिचं टोक पाहावं. करवतीने आडव्या कापलेल्या टोकावर थोडं पाणी फिरवलं की वर्तुळं ठळक होतात. प्रत्येक वर्षाचे दोन पट्टे असतात. वसंतात झाड भरभर वाढतं तेव्हाचा रुंद, फिकट, मऊ पट्टा आणि वाढ मंदावल्यावरचा अरुंद, तपकिरी, कठीण पट्टा. नखाने दाबून पाहिलं तर फिकट भागात खूण उमटते, गडद भागात नख घसरतं. एकाच फळीत दोन वेगळी लाकडं शेजारीशेजारी आहेत म्हटलं तरी चालेल. रंधा मारताना, पॉलिश कागद घासताना मिस्त्रीला त्रास होतो तो याचाच. मऊ भाग जास्त खाल्ला जातो, कठीण भाग उंच राहतो आणि पृष्ठभागावर हलक्या लाटा उठतात. यावर उपाय साधा आहे. कागद हाताने न धरता सपाट ठोकळ्याला गुंडाळून घासायचा.

भिंग लावलं तर आणखी एक गोष्ट दिसते, खरं तर दिसत नाही. सागाच्या टोकावर उघड्या डोळ्यांना दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. पाइनमध्ये तसल्या नळ्याच नसतात. त्याच्या लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकाच प्रकारच्या लांबट, पोकळ पेशींचा असतो. त्याच पाणी वाहतात आणि त्याच झाडाला उभं धरतात. त्यांची लांबी साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे सागाच्या तंतूच्या दुपटीहून जास्त. लांब तंतू एकमेकांत चांगले गुंततात, म्हणून मजबूत कागदाला पाइनचा लगदा लागतो. सिमेंटच्या कागदी गोणीचा चिवटपणा असल्याच लांब तंतूंमुळे आहे.

वर्तुळं मोजत आत गाभ्याकडे गेलं की ती रुंद होत जातात. मधल्या पहिल्या दहाएक वर्तुळांचं लाकूड हे झाडाच्या पोरवयातलं. हलकं, कमी ताकदीचं, आणि तंतूंची ठेवण तिरकी. सुकताना ते लांबीच्या दिशेनेही आक्रसतं आणि पिळतं. पंचवीस वर्षांच्या झाडात या पोरवयाच्या लाकडाचा वाटा बराच असतो. दुकानात सरळ वाटलेली पट्टी महिनाभरात पिळली तर तिचं टोक पाहावं. तिथे झाडाचा गाभा, तो पेन्सिलच्या शिशासारखा ठिपका, बहुधा सापडतोच. गाभा असलेली फळी घ्यायची नाही हा वखारीतला पहिला धडा.

वजन, ताकद आणि पावसाळा

आता आकडे. व्यवस्थित सुकवलेल्या रेडिएटाची घनता साधारण ५०० किलो प्रति घनमीटर. वखारीच्या भाषेत सांगायचं तर एक घनफूट लाकूड सुमारे १४ किलो. सागाचं तेच माप १८ किलोच्या आसपास. ताज्या कापलेल्या पाइनच्या ओंडक्यात मात्र लाकडापेक्षा पाण्याचंच वजन जास्त असू शकतं, म्हणून ओला ओंडका जवळजवळ दुप्पट जड लागतो.

कठीणपणा मोजण्याची एक जुनी रीत आहे, यांका चाचणी. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती बळ लागतं ते पाहायचं. रेडिएटाला सुमारे ३२० किलो, सागाला ४८५ किलोच्या घरात. म्हणजे पाइनच्या टेबलावर डबा आपटला तर खड्डा पडणार, जमिनीच्या फळ्यांवर टोकदार टाचांच्या खुणा उमटणार. इथे मिस्त्रीचा शेरा खरा ठरतो.

पण कठीण असणं आणि ताकदवान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाकण्याला विरोध करण्याच्या क्षमतेत बिनगाठीचं रेडिएटा सागापेक्षा फार तर पाचव्या हिश्श्याने मागे आहे. त्यातही फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. त्यामुळे सागाच्या १८ मिलिमीटर फळीचं काम करायला पाइनची साडेएकोणीस-वीस मिलिमीटरची फळी पुरते. दोन मिलिमीटर जास्त लाकूड आणि पैसे मात्र कितीतरी कमी, कारण घनफुटाला साग हजारांत बोलतो आणि पाइन शेकड्यांत. पुस्तकांच्या कपाटातली फळी वाकली तर दोष लाकडाचा मानायची आपल्याला सवय आहे. बहुतेक वेळा दोष असतो तो दोन आधारांतल्या अंतराचा.

तिसरी गोष्ट पाणी. लाकूड हवेतली आर्द्रता घेतं आणि सोडतं, हे पावसाळ्यात न लागणाऱ्या दाराने प्रत्येक मराठी घराला शिकवलेलं आहे. मुंबईच्या जुलैत लाकडातलं पाणी हळूहळू १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतं, नागपूरच्या मे महिन्यात पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतं. दहा टक्क्यांचा फरक धरला तर दीडशे मिलिमीटर रुंदीची, वर्तुळांना समांतर चिरलेली पाइनची फळी जवळपास चार मिलिमीटरने कमी-जास्त होते. सागाची तेवढीच फळी तीन मिलिमीटरने. म्हणजे साग हलत नाही हा आपला गोड समज आहे, तो थोडा कमी हलतो एवढंच. जुने सुतार हे ओळखून होते. दाराचा तबका चौकटीच्या खाचेत मोकळा ठेवायचा, चिकटवायचा नाही, ही रीत त्यातूनच आली. पाइनच्या कामातही तीच रीत हवी. फेविकॉल फासून चारही बाजूंनी आवळलेला तबका उन्हाळ्यात मधोमध उभा फुटतो आणि शिव्या लाकडाला बसतात.

फळीत पाणी किती आहे हे पाहायला दोन टोकदार पिनांचं एक छोटं यंत्र मिळतं. पिना लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. महाराष्ट्रात फर्निचरसाठी दहा-बारा टक्के असलेलं लाकूड घ्यावं. अठराच्या वर असेल तर ते अजून सुकलेलं नाही, मग विकणारा कितीही ‘सीझन्ड’ म्हणो.

गाठ, राळ आणि निळा डाग

पाइनच्या फांद्या खोडाभोवती एकाच उंचीवर मंडलात फुटतात, म्हणून फळीवर गाठीही ठरावीक अंतराने झुपक्यात येतात. फांदी जिवंत असताना तिच्याभोवती खोड वाढलं तर गाठ लाकडाशी एकजीव असते. फांदी मेल्यावर वाढलं तर गाठ सुटी राहते. तिच्याभोवती काळी कड दिसते आणि पुढे ती बुचासारखी निसटून पडते. म्हणूनच न्यूझीलंडमध्ये झाडं लहान असताना जमिनीपासून साधारण सहा मीटरपर्यंतच्या फांद्या छाटतात. त्यानंतर बाहेर वाढणारं लाकूड बिनगाठीचं निघतं आणि ते चढ्या भावाने विकलं जातं. गाठी कापून काढलेले तुकडे दातेरी खाचांत एकमेकांना जोडून पुन्हा लांब पट्टी बनवतात. बाजारातल्या ‘फिंगर जॉइंट’ फळ्या त्या ह्याच. जोड दिसतो म्हणून लोक त्यांना नावं ठेवतात, पण सरळ राहण्यात त्या अखंड फळीपेक्षा सरस असतात.

गाठीतून राळ पाझरते. पांढरा रंग दिलेल्या पाइनच्या कपाटावर वर्षभरात पिवळे गोल डाग उमटतात ते तिचेच. त्यावर जुना आणि स्वस्त इलाज आपल्याच घरचा आहे, लाखेचा. गाठींवर आधी लाखदाण्याच्या पॉलिशचे दोन हात द्यायचे आणि मग रंग लावायचा. राळ स्पिरिटमध्ये विरघळलेल्या लाखेच्या थराला सहसा भेदत नाही.

आणि निळा डाग. पावसाळ्यात वखारीत एकावर एक रचलेल्या ओल्या पाइनवर करडे-निळसर ओरखडे दिसतात. ही बुरशी आहे, पण लाकूड कुजवणारी नव्हे. ती पेशींमधल्या साखरेवर जगते, भिंतींना फारसा धक्का लावत नाही. त्यामुळे निळं पडलेलं पाइन दिसायला वाईट असतं, ताकदीला जवळपास तेवढंच राहतं. सोफ्याच्या आतल्या चौकटीला ते खुशाल वापरावं, भाव पाडून मागावा. मात्र डाग याचा अर्थ लाकूड बराच काळ ओलं पडून होतं. तेव्हा हाताला मऊ लागतंय का, ते तपासावं.

वाळवी आणि डेहराडूनचा शोध

पाइनची खरी कमजोरी कठीणपणात नाही, टिकाऊपणात आहे. त्यात वाळवीला आणि कुजवणाऱ्या बुरशीला थोपवणारं काहीच नसतं. उघड्यावर, मातीला टेकलेलं कोरं पाइन दोन-चार पावसाळ्यांत भुसा होतं.

साग टिकतो तो त्याच्या गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे. पण सागाचं बाहेरचं पांढरट लाकूड, ज्याला आपल्याकडे सफेदी म्हणतात, ते वाळवी तितक्याच आवडीने खाते. हल्लीच्या कमी वयाच्या लागवडीच्या सागात ही सफेदी भरपूर असते आणि वर पॉलिश चढलं की ती दिसत नाही. ‘सागाचं आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांच्या चौकटी आतून पोकळ होतात त्या अशा.

पाइनच्या बाबतीत निसर्गाने एक वाट मात्र मोकळी ठेवली आहे. रेडिएटाचं बाहेरचं लाकूड औषध सहज पिऊन घेतं. बंद पोलादी टाकीत लाकूड ठेवून आधी हवा उपसायची, मग औषधाचं पाणी सोडून दाब द्यायचा. औषध आत खोलवर जातं. जगभर यासाठी सर्वांत जास्त वापरलं गेलेलं मिश्रण म्हणजे सीसीए, क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. तांबं बुरशी रोखतं, आर्सेनिक कीड मारतं आणि क्रोमियम या दोघांना लाकडात पक्कं बांधून ठेवतं, पावसाने ती सहजी धुपत नाहीत. हा शोध एका भारतीय रसायनज्ञाचा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेसन यांनी १९३३ साली हे मिश्रण सिद्ध केलं. न्यूझीलंडच्या कुरणांतले कुंपणाचे खांब, ऑस्ट्रेलियातल्या द्राक्षमळ्यांचे डांब, अमेरिकेतल्या घरांचे लाकडी ओटे ज्याच्या जोरावर दशकानुदशकं उभे राहिले ते औषध आपल्या देशात जन्मलं, आणि आपल्याच सुतारकामात त्याचं नाव क्वचित ऐकू येतं.

आर्सेनिकमुळे अमेरिका-युरोपात घरगुती वापरासाठी सीसीएवर २००४च्या सुमारास मर्यादा आल्या. आता तांब्यावर आधारलेली दुसरी औषधं आहेत, आणि घराच्या आतल्या कामासाठी बोरॉनचे क्षार आहेत. बोरॉन माणसाला फारसं अपायकारक नाही, पण पाण्यात विरघळून निघून जातं. म्हणून ते छपराखालीच चालतं. एक सूचना सगळ्यांसाठी. हिरवट झाक असलेलं औषधी लाकूड चुलीत, बंबात किंवा शेकोटीत कधीही जाळू नये. त्याच्या धुरात आणि राखेत आर्सेनिक असू शकतं.

ऑकलंडची गळकी घरं

लाकूड चुकीच्या जागी वापरलं तर काय होतं याचा मोठा धडा न्यूझीलंडनेच जगाला दिला. तिथली बहुसंख्य घरं पाइनच्या सांगाड्यावर उभी असतात. ज्यांची मुलं ऑकलंडला नोकरीला आहेत अशा मराठी आईवडिलांनी नातवाला भेटायला गेल्यावर भिंतीवर टकटक करून पाहिलं असेलच. आवाज पोकळ येतो. वर्षानुवर्षं या सांगाड्याला बोरॉनचं औषध दिलेलं असे. १९९८ साली नियम सैल झाले आणि नुसतं भट्टीत सुकवलेलं कोरं पाइन भिंतीत वापरायला परवानगी मिळाली. युक्तिवाद असा की कोरडं लाकूड कुजत नाही. तो बरोबरही होता.

पण त्याच काळात सपाट गिलाव्यासारख्या बाह्य आवरणाची, वळचण नसलेल्या छपरांची घरं फॅशनमध्ये आली. खिडक्यांच्या सांध्यांतून पाणी आत झिरपू लागलं, आणि बाहेर पडायला वाट नव्हती. बाहेरून देखणं घर आणि भिंतीत हाताने कुस्करता येणारं लाकूड. २००४ मध्ये औषध पुन्हा सक्तीचं झालं, तोवर हजारो घरं बाधित झाली होती. २००९ साली सरकारसाठी केलेल्या एका अंदाजानुसार सुमारे ४२ हजार घरं आणि ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलरचं नुकसान. कित्येक कुटुंबांची आयुष्यभराची बचत त्यात गेली.

यात पाइनचा दोष किती? याच लाकडाचे, औषध दिलेले आणि वळचण असलेल्या छपराखाली राहिलेले सांगाडे आजही धडधाकट आहेत. हे लाकूड काय मागतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. थोडा खर्च वाचवण्यासाठी ते दिलं गेलं नाही.

आपलं चीड असताना बाहेरचं का?

हिमालयात आपलं पाइन आहेच. उत्तराखंड-हिमाचलच्या पाचशे ते दोन हजार मीटर उंचीच्या उतारांवर चीड पसरलेलं आहे. ब्रिटिशांनी ते रेल्वेच्या स्लीपरसाठी उतरवलं. कोरं चीड रुळांखाली टिकेना म्हणून पंजाबात धिलवान इथे १९२३ साली त्याला क्रिओसोट पाजण्याचा कारखाना उभारला. त्याची राळ काढून टर्पेंटाइन बनवलं. गावकऱ्यांची वहिवाट मोडून राखीव केलेली ही जंगलं १९२१ साली कुमाऊंत लोकांनी रागाने पेटवली, तो इतिहास वेगळाच आहे.

पुढे चिपको आंदोलन झालं, आणि १९८१ मध्ये उत्तर प्रदेशच्या पहाडात हजार मीटरच्या वरची हिरवी झाडं तोडण्यावर बंदी आली. १९८८च्या राष्ट्रीय वनधोरणाने जंगल हे आधी पर्यावरणासाठी, मग लाकडासाठी असं सांगितलं. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या वृक्षतोडीला आणि लाकूड गिरण्यांना लगाम घातला. जंगलांसाठी हे आवश्यकच होतं. पण लाकडाची भूक काही कमी झाली नाही. ती जहाजाने भागवायची ठरली.

ती जहाजं मुख्यतः कांडल्याला लागतात. गांधीधामच्या आसपास मैलोन्‌मैल ओंडक्यांच्या राशी आणि गिरण्या आहेत. कच्छची कोरडी हवा लाकूड सुकवायला सोयीची, जमीन मुबलक आणि उत्तर भारताची बाजारपेठ जवळ. तिथे चिरलेलं पाइन ट्रकांतून मुंबईच्या रे रोडला, पुण्याच्या टिंबर मार्केटला आणि औद्योगिक वसाहतींना येतं. अलीकडे या रांगेत दुसरेही भिडू आहेत. ओंडक्यांबरोबर कीड येऊ नये म्हणून भारत मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचा आग्रह धरत आला. ओझोनला मारक असलेल्या या वायूवर न्यूझीलंडने २०२१ मध्ये कडक अटी घातल्या, जहाजाच्या पोटात तो सोडण्यावर बंदीच आणली. तिकडचा माल आटला आणि उरुग्वेच्या पाइनला वाट मिळाली. ते साउदर्न यलो गटातलं. त्यामुळे वखारीत ‘पाइन’ एवढंच सांगून भागत नाही. कोणत्या देशाचं, ओंडका इथे चिरलेला की तिकडून चिरून आलेला, हे विचारावं लागतं. वजन, राळ आणि गाठी तिन्ही बदलतात.

चाकणचं पॅलेट

पाइनचं आपल्याकडचं सर्वांत मोठं काम मात्र फर्निचर नाही. चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, अंबड या पट्ट्यांत पॅकिंगच्या शेडमध्ये दिवसभर खिळे मारण्याच्या बंदुकीचा ताडताड आवाज चालू असतो. तिथे पॅलेट बनतात. युरोपातलं मानक पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचं, ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे. स्वतःचं वजन पंचवीस किलोच्या आसपास, पेलतं दीड टन. इथे पाइनचा मऊपणाच कामाला येतो. खिळा कडेजवळ मारला तरी लाकूड सहसा फाटत नाही, तंतू बाजूला सरून खिळ्याला आवळून धरतात. हलकं असल्याने वाहतुकीत वजन वाचतं. साग इथे महाग पडलाच असता, शिवाय जडही.

तयार पॅलेट लगेच कंटेनरमध्ये जात नाही. आधी ते एका बंद खोलीत जातं. सर्वांत जाड ठोकळ्याला मधोमध भोक पाडून त्यात तापमानाची सळई खुपसतात आणि गरम हवा सोडतात. लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सियसला पोचलं की तिथून पुढे सलग ३० मिनिटं ते तसंच ठेवायचं. खोलीतली हवा किती तापली हे महत्त्वाचं नाही, गाभा किती तापला ते महत्त्वाचं. नंतर त्यावर डागणी होते. डाव्या हाताला कणसाचं चिन्ह, मग देशाचं ‘आयएन’, कारखान्याचा क्रमांक आणि शेवटी ‘एचटी’, म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं. धुरी दिली असेल तर ‘एमबी’.

हा नियम २००२ साली आला, आयएसपीएम-१५ या नावाने. त्यामागे मोठी झळ आहे. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आशियातला लांब मिशांचा भुंगा सापडला. तो पॅकिंगच्या लाकडातून आला असावा, आणि त्याच्यामुळे शहरातली हजारो झाडं तोडावी लागली. जपानमध्ये पाइनच्या सूत्रकृमीने विसाव्या शतकभर जंगलं वाळवली, १९९९ मध्ये तोच कृमी पोर्तुगालमध्ये निघाला. म्हणून आज नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला पोचतात तेव्हा फळाइतकीच त्याखालच्या लाकडाचीही तपासणी होऊ शकते. शिक्का नसलेलं एक पॅलेट अख्खा कंटेनर अडकवू शकतं.

या डागणीचा घरगुती उपयोगही आहे. जुन्या पॅलेटचं फर्निचर करण्याची सध्या हौस आहे. ‘एचटी’ असेल तर जरूर करावं. ‘एमबी’ असेल, तेल-रसायनाचे डाग असतील किंवा शिक्काच नसेल, तर मुलांच्या खोलीत ते आणू नये.

घेताना काय विचारावं

सरकारी बांधकामात लाकूड नको असा १९९३चा आदेश केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने २०२० मध्ये मागे घेतला. लागवडीतलं लाकूड आता पुन्हा प्रतिष्ठित होतं आहे, आणि त्यात पाइन पुढे असेल. ग्राहकाने मात्र डोळे उघडे ठेवावेत.

पलंग, कपाट, पुस्तकांची मांडणी, खिडकीची आतली चौकट, छताची सजावट, मुलांचं टेबल, सोफ्याचा सांगाडा : पाइन वापरा आणि उरलेल्या पैशांत कारागीर चांगला लावा. न्हाणीघराची चौकट, उंबरठा, अंगणातला बाक, गच्चीवरचा मांडव : दाबाखाली औषध पाजलेलं असेल तरच, तेही मातीपासून उचलून. जिथे रोज आपटाआपट आहे तिथे, म्हणजे जिन्याच्या पायरीला किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याला, पाइन लावू नका.

वखारीत गेलात की तीन प्रश्न विचारा. पाण्याचं प्रमाण किती आणि यंत्र लावून दाखवाल का? औषध दिलंय का, कोणतं? या फळीच्या टोकात गाभा आहे का? विकणाऱ्याने तिन्हींची नीट उत्तरं दिली तर पाइन घ्या, निर्धास्त घ्या. उत्तरं टाळली तर तिथून सागही घेऊ नका.